चूक आमचीच, पाहुणे

“येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या... थोडी डावीकडं घ्या... येऊ द्या बिनधास्त!”

आमचा चंदू रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी गाडीला बोलवत होता. शेजारचे मास्तर फाटकावरून ओरडत होते, “कापा, कापा, पूर्ण कापा!” सूनबाई पायरीवरून म्हणत होती, “अहो, हळू.” आणि मी खिडकीतून म्हणत होते, “बास! बास!” आमच्या बार्शीत निघालेल्या पाहुण्यांची गाडी मागं घ्यायची म्हणजे सगळ्या गल्लीचं काम. चालवणाऱ्याला काही येत नाही असं धरूनच आम्ही रस्त्यात उतरतो.

मग आवाज झाला.

आता दुसरी कुठली गोष्ट असती, तर मी सांगितलं असतं की त्या आवाजानं भगवंताच्या देवळावरची कबुतरं उडाली आणि मास्तरांच्या भिंतीला भेग पडली. मला तशी सवयच आहे. मीठमसाल्याशिवाय गोष्ट माझ्या तोंडातून बाहेरच येत नाही. पण खरं सांगते, पापड मोडावा एवढाच आवाज होता. पाहुण्यांची कोरी पांढरी गाडी मुंगीच्या चालीनं मागं आली आणि आमच्या जुन्या गाडीच्या दाराला टेकली. दमलेलं माणूस भिंतीला टेकतं, तशी.

आमची गाडी तिथं रस्त्यात उन्हात कशाला होती? तर पाहुण्यांच्या गाडीला सावली मिळावी म्हणून. ते येणार म्हणून चंदूनं सकाळीच आपली गाडी पोर्चमधून काढून समोरच्या भिंतीला लावली होती आणि पोर्च पाण्यानं धुवून घेतला होता. मान म्हणजे मान.

बसवराजअप्पा हत्तुरे गाडीतून उतरले. बुटकेसे, गोल चेहऱ्याचे, बोलके गृहस्थ. सोलापुरात चादरींचं दुकान. त्यांच्या मुलाशी, सिद्धेशशी, आमच्या पल्लवीचं जमत आलं होतं. पल्लवी माझी नात, चंदूची एकुलती एक. त्या दिवशी बापलेक दोघं आमचं घर बघायला आले होते. सिद्धेशची आई तो लहान असतानाच गेलेली, त्यामुळं घरात ही दोघंच.

अप्पांनी उतरल्या उतरल्या हात जोडले. “चूक आमची, पाहुणे. शंभर टक्के आमची.”

“छे छे! काय बोलताय अप्पा,” चंदू म्हणला. “मीच येऊ द्या येऊ द्या म्हणत होतो. चूक माझी.”

“अहो, तुम्ही काहीही म्हणाल, गाडी तर आमचीच मागं येत होती ना?”

“पण रस्त्यात गाडी उभी कुणी केली? आम्ही केली.”

“ती आमच्यासाठी केली!”

अशी मारामारी चालली होती. दोन माणसं एकमेकांच्या वाटणीची चूक हिसकावून घेत होती. आमच्या दाराला खळगा पडला होता, त्यांचा मागचा बंपर तडकला होता, लाल दिव्याची काच फुटली होती. “भरून देतो” म्हणून अप्पा खिशात हात घालत होते आणि चंदू त्यांचा हात धरून बाहेर काढत होता. शेवटी असं ठरलं की कुणीच कुणाला काही द्यायचं नाही. दोन्ही गाड्यांचा विमा आहे, ज्यानं त्यानं आपापला क्लेम टाकायचा.

या सगळ्यात एक माणूस गप्प होता. सिद्धेश. उंच, सावळा, हडकुळा पोरगा. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. गाडी तोच चालवत होता.

पाहुणे गेल्यावर पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली. मी शेंगा फोडत होते. तिनं मूठभर घेतल्या आणि फोडायच्या सोडून नुसत्याच हातात खुळखुळवत राहिली.

“आज्जी, तुला आवाज आठवतो का त्याचा?”

“कुणाचा, गाडीचा?”

“सिद्धेशचा गं. एवढा वेळ बसला होता समोर. एक वाक्य बोललाय का तो?”

मी आठवून बघितलं. पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हाही मान हलवली होती आणि आजही. सूनबाईनं विचारलं, चुरमुऱ्यांची सुशीला तिखट झाली का? तर अप्पा म्हणले, “त्याला तिखटच आवडतं.” चंदूनं विचारलं, नोकरीत रात्रपाळी असते का? तर अप्पा म्हणले, “त्याला दिवसपाळीच दिलीय.” शेवटी मी मुद्दाम विचारलं, “बाळ, तुला स्वप्नं पडतात का रे?” तर अप्पांनी घाम पुसत सांगितलं, “पडतात की! चांगली पडतात.”

“लाजतो असेल,” मी म्हणलं.

“लाजणं वेगळं, आज्जी. मला वाटतं, तो वडिलांच्या मुठीत आहे. उद्या मी काही विचारलं तरी उत्तर अप्पाकाकाच देणार. जन्मभर?” तिनं शेंगा परत सुपात टाकल्या. “पुढच्या गुरुवारी साखरपुडा आहे. मी नाही म्हणलं, तर बाबांचा शब्द जातो. हो म्हणलं, तर कुणाला हो म्हणतेय तेच मला माहीत नाही.”

पोरगी रडणाऱ्यातली नाही. पण तिनं असं पदर ओढून विचारल्यासारखं माझ्याकडं बघितलं, की मी शेंगा फोडायची थांबले. बाराच्या उन्हात पेठेत उभं राहून वजनात मारणाऱ्या भाजीवाल्याशी भांडणारी ही पोरगी, आणि इथं तिला भांडायला समोर माणूसच नव्हता.

“गुरुवारच्या आत मी त्याला बोलता करते,” मी म्हणलं.

“कसा?”

“ते माझं मी बघते.”

खरं म्हणजे मला काहीही सुचलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला चंदूला विमा कंपनीकडून फोन आला. बोलता बोलता तो उठून उभा राहिला आणि फोन ठेवल्यावर खोलीत येरझाऱ्या घालायला लागला.

“काय झालं रे?” मी म्हणलं.

“सर्व्हेअर उद्या घरी येतोय. अप्पांनाही बोलवलंय त्यानं. गाडी घेऊन.” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “आई, पाहुण्यांची पण पॉलिसी त्याच कंपनीची निघाली.”

“बरं झालं की. एकाच फेरीत काम होईल त्याचं.”

“अगं कसलं बरं! मी काय लिहिलं माहितीये क्लेममध्ये? मी लिहिलं की आमची गाडी चालू होती आणि पाहुण्यांच्या उभ्या गाडीला माझ्याकडून धक्का लागला.”

“असं का लिहिलंस?”

“मग काय व्याह्यांच्या नावावर चूक लिहू? लेखी?” तो खुर्चीत बसला. “गुरुवारी पुडा आणि मी कंपनीला कळवतो की जावयानं ठोकली? बरं दिसतं का?”

एवढ्यात परत फोन वाजला. सोलापूरहून. चंदू बोलत होता आणि मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, कारण अप्पा फोनवर बोलत नाहीत, बार्शीला हाक मारतात.

“पाहुणे, तुम्ही काय लिहून दिलंय हो?”

“चूक आमचीच, असं.”

“अहो, पण आम्ही पण चूक आमचीच असं लिहून दिलंय!”

“तुमची गाडी उभी होती असं मी लिहिलंय, अप्पा.”

“आणि मी लिहिलंय की तुमची उभी होती!”

मग अप्पा हळू आवाजात म्हणले, “म्हणजे दोन्ही गाड्या उभ्या होत्या आणि दोन्ही धडकल्या.”

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबून आत गेले. पण चंदूचा चेहरा बघून हसणं विरलं. खोटी माहिती दिली म्हणून कंपनी दोन्ही क्लेम फेटाळेल, वर लबाडीचा शिक्का बसेल. आणि दोघांनी एकमेकांचा मान ठेवायला केलेली गोष्ट एकमेकांची अब्रू घेऊन जाईल. असल्या गोष्टीवरून मोडलेली लग्नं मी बघितली आहेत. त्यासाठी मीठमसाला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर डिसले साहेब आले. बारीक मिशी, काखेत हेल्मेट, गळ्यात कॅमेरा. चहा नको म्हणले. सरळ गाड्यांकडं गेले. अप्पा आणि सिद्धेश आधीच येऊन पोहोचले होते. गाड्या त्या दिवशी होत्या तशाच लावून घेतल्या. पल्लवी दाराच्या आत उभी होती, उंबऱ्याच्या आड. सगळं दिसेल आणि आपण दिसणार नाही अशी.

साहेबांनी फोटो काढले. टेपनं इकडून तिकडून मोजलं. मग कागद उघडले आणि एकदा चंदूकडं, एकदा अप्पांकडं बघितलं.

“कोण कुणाला धडकलं?”

“मी यांना,” चंदू म्हणला.

“मी यांना,” अप्पा म्हणले.

“अप्पा, असू द्या...”

“तुम्ही असू द्या!”

डिसले साहेबांनी डोळे मिटून घेतले. “इतकी वर्षं हे काम करतोय. लोक चूक दुसऱ्यावर ढकलतात. त्याची मला सवय आहे. हे काय चाललंय?” मग चंदूला म्हणले, “तुमचं दार चेपलंय. बाजूचं. तुम्ही गाडी दार पुढं करून चालवता का?”

चंदू खाली बघायला लागला.

साहेब अप्पांकडं वळले. “ठीक आहे. म्हणजे गाडी तुमची मागं आली. चालवत कोण होतं?”

“मी,” अप्पा म्हणले.

मी चपापले. चंदूनंही मान वर केली. आम्ही सगळ्यांनी सिद्धेशला स्टिअरिंगवर बघितलं होतं. हा मानापानाचा भाग नव्हता. हे वेगळंच काहीतरी होतं, आणि का, ते मला कळेना.

“तुम्हीच ना? लायसन आहे ना?”

“आहे की. पहिल्यापासून आहे.”

“मग जरा बसा आत आणि कसं मागं घेतलं तेवढं दाखवा.”

अप्पा गाडीत बसले. आणि काय सांगू, त्या सीटवर ते असे बसले, जसं लहान पोर आजोबांच्या आरामखुर्चीत बसतं. सीट उंच माणसासाठी पार मागं सरकवलेली. अप्पांचे पाय क्लचपर्यंत पोहोचेनात. त्यांनी पुढं सरकून बघितलं, चप्पल निसटली. सीट पुढं घ्यायचा दांडा कुठं असतो, तो हातानं चाचपत बसले. साहेब कमरेवर हात ठेवून बघत होते. चंदूच्या कपाळावर घाम आला. सिद्धेश गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, गाडीच्या टपावर बोटं टेकवून. बोटं पांढरी पडली होती.

मला राहवलं नाही.

“साहेब,” मी पायरीवरून म्हणलं, “या दोघांना विचारून काही उपयोग नाही. हे सभ्य लोक आहेत. चूक यांची पण नाही आणि त्यांची पण नाही. चूक बैलाची आहे.”

“कुणाची?”

“बैलाची.”

मी उतरून खाली आले. पदर खोचला. “पाहुणे निघाले, गाडी मागं येतेय, आणि त्या कोपऱ्यावरून आला की हो! एवढा!” मी हात वर केला. हात पुरेना म्हणून टाचा उंचावल्या. “खिल्लार जातीचा. शिंगांना पितळेच्या शेंब्या. गळ्यात घुंगराची माळ. कुठल्या तरी मिरवणुकीतून सुटलेला, फटाक्याला बिथरलेला. नाकातून नुसता धूर. मास्तरांनी फाटक लावून घेतलं, सूनबाई आत पळाली. मी मात्र उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. आणि मग वळला आणि मारली धडक या गाडीच्या नाकाला! गाडी उभीच्या उभी सरकली मागं आणि आमच्या दारावर आदळली.”

साहेब माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता हसतील. पण बुडत्या माणसानं दोर बघावा, तसे अप्पा गाडीतून बाहेर आले.

“होता,” ते म्हणले. “बैल होता. मी पण बघितला. पांढरा शुभ्र.”

“काळसर होता,” चंदू त्याच वेळी म्हणला. मग घाईनं, “म्हणजे पांढराच. धुळीनं काळा दिसत होता.”

“बंपर मागचा तुटलाय,” साहेब म्हणले. “पुढं धडक मारलेल्या बैलाचा ओरखडासुद्धा नाही पुढच्या बाजूला.”

“कपाळानं मारली हो,” मी म्हणलं. “शिंगं वर होती. संस्कारी बैल.”

“आणि बैलाचा मालक?”

“त्यालाच शोधतोय आम्ही,” अप्पा म्हणले. मला माणूस आवडायला लागला होता.

डिसले साहेबांनी पेन उघडलं नाही. ते गाडीला वळसा घालून सिद्धेशजवळ गेले. “तुम्ही मुलगा ना यांचा? तुम्ही होतात त्या दिवशी? तुम्ही सांगा.”

“त्याला कशाला,” अप्पा लगबगीनं मधे आले, “मी सांगतो ना सगळं...”

“तुमचं ऐकलं. आता यांचं ऐकतो.”

“साहेब, तो जरा...”

“काका,” साहेब म्हणले, “ज्याचं त्यानं सांगायचं असतं. आमच्याकडं तसंच चालतं. दुसऱ्याचं बोलणं मी त्याच्या नावावर लिहू शकत नाही.”

अप्पांनी सिद्धेशच्या दंडावर हात ठेवला. सिद्धेशनं तो हळूच बाजूला केला. रागानं नाही, झोपलेल्या लेकराचा हात अंगावरून काढावा तसा.

तो माझ्याकडं वळला. “आज्जी,” म्हणला.

तेवढं नीट आलं. मग त्यानं पुढचा शब्द धरला आणि ओठ मिटले ते मिटलेच. गळ्याची शीर ताठ झाली. पापण्या फडफडल्या. मला आधी वाटलं, त्याला उचकी लागली. मग वाटलं, घाबरला. मग कळलं. सूनबाईला पण कळलं. ती मायाळू बाई आहे, ती पटकन म्हणली, “बैल? बैल म्हणायचंय का?” त्यानं तिच्याकडं बघून नाही म्हणून मान हलवली. म्हणजे शब्द तोच होता, पण तो त्याला स्वतःला काढायचा होता.

“ब... बैल नव्हता,” तो म्हणला. “तुमचा बैल छान होता. प... पण नव्हता.”

मी हे इथं जितकं सरळ सांगतेय, तितकं सरळ ते आलं नाही. एकेक वाक्य थांबत, मागं जात, परत पहिल्यापासून सुरू होत येत होतं. मी जन्मात कुणाला वाक्य पुरं करू दिलेलं नाही. आमचे हे असताना म्हणायचे, तुझ्याशी भांडायला वकील लावावा लागेल. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

“गाडी मी चालवत होतो,” सिद्धेशनं सांगितलं. “अप्पा नाही. आणि हे काका गाडीत नव्हतेच, त्यांची गाडी उभी होती. चूक माझी आहे. मी मागं बघत नव्हतो.”

साहेबांनी पेन उघडलं. “लक्ष नव्हतं. एवढंच ना?”

सिद्धेशनं मान हलवली.

“अहो मग हे पहिल्याच दिवशी लिहायचं होतं. लक्ष नसतं म्हणूनच तर लोक विमा काढतात.” ते चंदूकडं वळले. “तुम्ही तुमचं पहिलं मागं घ्या, खरं काय ते लिहून द्या. यांचंही बदलून घेतो मी. बैल काढून टाका.”

गाडीचा प्रश्न तेवढ्यात सुटला. पण कुणी सुटल्यासारखं हललं नाही. चंदू अप्पांकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा पाहुणचार निघून गेला होता.

“अप्पा,” तो म्हणला, “हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

अप्पांनी सिद्धेशकडं बघितलं. ते पोर्चच्या कडेला, सकाळीच परत धुतलेल्या ओल्या फरशीवर तसेच बसले.

“दोन ठिकाणी बघायला गेलो होतो,” ते म्हणले. “दोन्हीकडं पोरगं मन मोकळं करून बोललं. एका ठिकाणी मुलीच्या काकानं नक्कल केली. आमच्यासमोर. सगळे हसले.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणून मी याला म्हणलं, या वेळी तू बोलू नको. पुडा होईपर्यंत मी बोलतो. तो नकोच म्हणत होता. भांडला माझ्याशी. मी शपथ घातली, आईची. गाडी लागली, तेव्हा वाटलं, आता साहेबासमोर याला बोलावं लागणार, तुमच्या सगळ्यांच्या देखत. म्हणून मीच चालवत होतो असं लिहिलं.”

चंदूचा जबडा घट्ट झाला. मी माझ्या पोराला ओळखते. त्याला सिद्धेशच्या अडखळण्याचा राग नव्हता. त्याच्यापासून लपवल्याचा होता. आता त्याच्या तोंडून काहीतरी निघणार आणि ते परत घेता येणार नाही, हे मला दिसत होतं. मी काहीतरी बोलून ते अडवायला हवं होतं. हत्ती आणायला हवा होता, वाघ आणायला हवा होता. आणि माझ्याकडं काहीच नव्हतं.

तेवढ्यात उंबऱ्याआडून पल्लवी बाहेर आली.

ती चंदूच्या बाजूनं गेली, अप्पांच्या बाजूनं गेली आणि सिद्धेशसमोर जाऊन उभी राहिली. दोघांच्या मधे फुटक्या दिव्याची ती गाडी.

“मागं बघत नव्हतात,” ती म्हणली, “तर मग लक्ष कुठं होतं?”

अप्पा फरशीवरूनच म्हणले, “अगं, तो जरा दमला होता, सकाळपासून...”

“काका,” पल्लवीनं मान वळवली नाही. “मी त्यांना विचारलंय.”

अप्पा गप्प झाले. साहेब लिहायचे थांबले. मास्तर फाटकावर येऊन उभे होते, त्यांनासुद्धा सूनबाईनं डोळ्यांनी दटावलं. आम्ही सगळे त्या पोराच्या तोंडाकडं बघत होतो, फक्त पल्लवी त्याच्या डोळ्यांकडं बघत होती. सिद्धेशनं सुरुवात केली, अडकला, थांबला. तिनं शब्द पुरवला नाही. मान पण हलवली नाही. नुसती उभी राहिली.

“मी एक वाक्य जुळवत होतो,” तो म्हणला. “तुमच्यासाठी. त्या दिवशी आत बसलो होतो, तेव्हापासून जुळवत होतो. अप्पांनी शपथ घातली होती, पण मला ते न सांगता जायचं नव्हतं. म्हणलं, गाडी रस्त्यावर काढली की उतरायचं, परत यायचं आणि सांगायचं. की मी अडखळतो. एवढंच होतं वाक्य. ते तोंडात नीट बसवत होतो, आणि मागं बघायचं राहिलं.”

मी पदरानं डोळे पुसले नाहीत. मला मुळात दिसतच नव्हतं.

“मग उतरलात का नाही?” पल्लवी म्हणली.

“उतरणार होतो. पण आ... आवाज झाला. मग सगळे चूक माझी, चूक माझी म्हणायला लागले. मला जागाच मिळाली नाही.”

पल्लवीला हसू फुटलं. थट्टेचं नाही. लहानपणी माझी न पटणारी गोष्ट शेवटी पटली की तिला फुटायचं, तसलं. सिद्धेश पण हसला. त्याचं हसणं अजिबात अडखळलं नाही.

“हे तर झालं सांगून,” ती म्हणली. “अजून काही सांगायचं राहिलंय का?”

“ब... बरंच.”

“सांगा मग. मला घाई नाही.”

आणि ती तिथंच आमच्या पायरीवर बसली. थोडी सरकून बाजूला जागा केली. सिद्धेश एकदा चंदूकडं, एकदा अप्पांकडं बघून येऊन बसला आणि बोलायला लागला. आम्हाला ऐकू येत नव्हतं, नुसते थांबे दिसत होते. पोरगी प्रत्येक थांब्याला थांबत होती.

डिसले साहेबांनी कागद मिटले आणि हळू आवाजात म्हणले, “आता चहा चालेल.”

सूनबाई आत गेली. मग चंदू घरात गेला आणि बैठकीतली हात असलेली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेऊन आला. अप्पा अजून त्या ओल्या फरशीवर बसलेले. त्यानं खुर्ची त्यांच्याजवळ सावलीत ठेवली.

“वर बसा, पाहुणे,” तो म्हणला. “त्यांना वेळ लागेल.”